रणगाडा आणि सासरे

लष्कराने मोडीत काढलेली ती गाडी घरी आणण्यात सगळ्यात मोठा फायदा थोरलीचा होता, आणि तो तिला गाडीत पाय न ठेवताच मिळणार होता. तिच्या नवऱ्याच्या वाट्याला अर्धी गाडी येणार होती. धाकटीच्या नवऱ्याच्या वाट्याला उरलेली अर्धी गाडी आणि सगळा रुबाब. दोघींच्या वडिलांना कागदावरची मालकी. थोरलीला मिळणार होती झोप. महिन्याआड एक महिना, पाठ टेकल्यापासून गजर होईपर्यंत, मध्ये कुणीही हाक न मारता.

आई गेल्यापासून वडील थोरलीकडेच होते. लष्करात त्यांनी उभी हयात गाड्या हाकल्या, आणि निवृत्त झाल्यावर गल्लीने त्यांना आपणहून मेजर करून टाकलं. लष्करात नुसतं स्टिअरिंग धरलेला माणूससुद्धा गल्लीत येईपर्यंत मेजर होतो. त्याला कुणाचाच इलाज नाही. मेजरांचा दिवस शहाण्यासारखा जायचा. रात्री मात्र त्यांच्या अंगात पहारेकरी यायचा. फाटकाला कडी घातली का, नळ कुठला ठिबकतोय, पाण्याचा तांब्या कुठे गेला, किती वाजले. दर शंकेला एक हाक, आणि हाक नेहमी थोरलीला. जावयाची झोपमोड करायची नाही, एवढा मान ते राखून होते. जावईही तो मान घोरत घोरत स्वीकारायचा.

थोरली एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर होती, कायम सकाळच्या पाळीला. फोन उचलायचा, कोणता विभाग हवाय विचारायचं, जोडून द्यायचं. काम बसल्याजागी, पण डोळे उघडे हवेत. एकदा तिने नात झाल्याची बातमी विचारणाऱ्या एका बाईंना बाळंतिणींच्या वॉर्डाऐवजी शवागाराला जोडून दिलं. वरच्या बाईंनी तिला बोलावून बसवलं, चहा दिला, आणि पुन्हा असं झालं तर चहा मिळणार नाही हे फार गोड शब्दांत सांगितलं. म्हणजे झोप ही थोरलीच्या बाबतीत चैनीची वस्तू राहिली नव्हती. तिच्यावर नोकरी टांगलेली होती.

अशात धाकटीचा नवरा एक बातमी घेऊन आला. हा नळ आणि शॉवर विकणाऱ्या एका झकपक दुकानात विक्रेता होता. दिवसभर गिऱ्हाइकांना कोरड्या नळांच्या तोट्या फिरवून दाखवायच्या आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरदऱ्यांत हिंडणाऱ्यांचे फोटो बघायचे, हे त्याचं आयुष्य. त्याच्या पँटला दहा ठिकाणी खिसे असत आणि एकाही खिशात काही नसे. साडूने, म्हणजे थोरलीच्या नवऱ्याने, त्याचं नाव कर्नल ठेवलं होतं. कर्नलला त्यातला टोमणा कळायचा, पण नाव आवडायचं, म्हणून तो कळलं नसल्यासारखं करायचा.

बातमी अशी होती: गावाबाहेरच्या लष्करी डेपोत जुन्या गाड्यांचा लिलाव निघाला होता. डोंगर चढणाऱ्या, नदी ओलांडणाऱ्या, चारही चाकांनी ओढणाऱ्या दणकट गाड्या. मात्र बोली लावायला माणूस माजी सैनिक हवा. कर्नलने हे सांगताना सासऱ्यांकडे अशा नजरेने पाहिलं, जशा नजरेने त्याने त्यांच्याकडे लग्न ठरवतानाही पाहिलं नव्हतं.

थोरलीचा नवरा चष्मेवाला. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं दुकान. दुसऱ्याच्या डोळ्यांचा नंबर काढता काढता त्याला प्रत्येक गोष्ट एका डोळ्याने, मग दुसऱ्या डोळ्याने बघायची सवय लागली होती. त्याने ही बातमीही तशीच पाहिली. एका डोळ्याला दिसलं की एकट्याने घेण्यापेक्षा निम्म्यात गाडी पदरात पडतेय. दुसऱ्या डोळ्याला दिसली रात्री उठून ठेचकाळत चालणारी बायको. त्याने साडूला सांगितलं, गाडी निम्मी निम्मी, तर सासरेही निम्मे निम्मे. एक महिना आमच्याकडे, एक तुमच्याकडे.

कर्नलने थोडा वेळ खिसे चाचपले. मग त्यानेही आपली अट घातली: सासरे येतील ते गाडीबरोबरच येतील. नुसते सासरे नकोत. चष्मेवाल्याने लगेच उलटी अट घातली: गाडी जाईल ती सासऱ्यांबरोबरच जाईल. नुसती गाडी मिळणार नाही. दोघांनी हात मिळवले, आणि आपण समोरच्याला बरोबर अडकवलं, अशा समाधानात दोघेही घरी झोपले. एक चालतं माणूस आणि एक चालती गाडी एकमेकांना बांधून ठेवली तर एकाचा पाय अडला की दुसऱ्याचाही अडणार, हे चार शहाण्या माणसांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

आता राहिलं मेजरांना सांगायचं. ते काम धाकटीकडे गेलं, कारण तिच्या जिभेवर साखर होती. ती दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसायची, आणि दाढ उपटायला आलेल्या माणसालाही आपण सहलीला आलोय असं वाटायला लावायची. तिने बाबांना समजावलं, की ही गाडी तुमच्यासारख्या जाणकाराशिवाय कुणाला सांभाळायची नाही. गाडी जिथे, तिथे तुम्ही हवेतच. तुमच्याशिवाय ती फिरणार कशी? मेजर खूश झाले. थोरलीला रात्री झोपू द्यायचंय, हे वाक्य कुणी उच्चारलंच नाही. इतकं छोटं वाक्य, पण ते सगळ्यांनी गाडीखाली लपवलं.

गाडी आली त्या दिवशी गल्लीने तिचं नाव रणगाडा ठेवलं. उंच, चौकोनी, शेवाळी रंगाची, वर ताडपत्रीचं छत. मागे समोरासमोर दोन बाकडी. आत चढायला आधी पट्टा धरायचा, मग गुडघा वर घ्यायचा, मग देवाचं नाव घ्यायचं. एक सोडून दोन गिअरचे दांडे. दार नीट लावायचं तर आपटावं लागे आणि आपटलं की समोरचं उघडे. पेट्रोल पिण्यात तिने पूर्वीच्या सरकारी सवयी सोडल्या नव्हत्या. चष्मेवाल्याने पहिल्याच दिवशी चष्म्याचं फडकं घेऊन आरसे पुसले. कर्नलने चाकावर एक पाय ठेवून फोटो काढला.

गाडी उभी राहिली घराच्या बाजूच्या अंगणात. तिथे थोरलीची कपडे वाळत घालायची दोरी होती, ती गच्चीवर गेली. म्हणजे ओल्या कपड्यांची बादली घेऊन रोजचा जिना आला. पण थोरलीने हूं की चूं केलं नाही. एक महिना जिना, मग एक महिना झोप. सौदा तिला परवडत होता.

मेजर मात्र त्या महिन्यात बदलले. सकाळचा चहा ते गाडीत घेऊ लागले. स्टिअरिंगपुढे बसायचं, चहा संपवायचा, गाडी चालू करून कान लावायचा, बंद करायची. कुठे जायचं नसे. भाजीवालीला, पोस्टमनला, शाळेत निघालेल्या पोरांच्या आयांना ते तिथून बसल्याबसल्या वाहतुकीच्या सूचना देत. थोरली कामावरून आली की त्यांच्यावर खेकसायची, की हात काळे करून टॉवेलला पुसू नका, ते स्वेटर काढा, औषध घेतलं का, आणि रिकामा कप गाडीत ठेवून मुंग्या कशाला बोलावताय. मेजर म्हणायचे, आली माझी साहेबीण. आणि कप घेऊन उतरायचे.

ठरल्या दिवशी कर्नल आला आणि गाडीसकट सासऱ्यांना घेऊन गेला. थोरलीने ती पहिली रात्र कशी काढली हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं, कारण ती नव्हतीच. पाठ टेकली आणि गजर झाला. बोर्डावर तिने दिवसभर हृदयवाल्यांना हृदयाकडे आणि हाडवाल्यांना हाडांकडे बिनचूक धाडलं. त्या महिन्यात तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं फिकट झाली. चष्मेवाल्याला वाटलं, बायकोचा नंबर कमी झाला.

महिना संपला. रणगाडा परत आला, मेजर परत आले, हाका परत आल्या. थोरलीने दात आवळून तो महिना ढकलला, शेवटच्या दिवसावर डोळा ठेवून. तो दिवस उजाडला. कर्नल आला, गाडीत बसला, किल्ली फिरवली. गाडी खूप ओरडली, पण चालू होईना.

मेजरांनी बोनेट उघडून आत पाहिलं, मान हलवली आणि कार्बोरेटरवर ठपका ठेवला. डेपोतल्या जुन्या गाड्यांचं असंच असतं, ते म्हणाले. तिला विश्रांती हवी. साडूंनी बाह्या सरसावल्या. कर्नल गाडीखाली गेला आणि खालून सूचना देऊ लागला. चष्मेवाल्याने चष्म्याच्या दांड्या आवळायचा बारीक स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि त्या रानटी इंजिनावर फिरवला, म्हणजे एखाद्या हत्तीच्या कानात काडी घालून मळ काढावा तसा. संध्याकाळी कर्नल बसने घरी गेला. नुसते सासरे न्यायचे नाहीत, हे तर ठरलेलंच होतं.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरचा गॅरेजवाला आला. त्याने किल्ली फिरवली आणि गाडी गुरगुरत चालू झाली. त्याने एकदा चष्मेवाल्याकडे, एकदा त्या स्क्रू-ड्रायव्हरकडे पाहिलं, आणि यायचे पैसे घेऊन गेला. चष्मेवाल्याने साडूला फोन केला. साडू पुढच्या सुट्टीला आला. गाडी पुन्हा नुसती ओरडली.

हे मग होतच राहिलं. गॅरेजवाला आला की गाडी हसतमुख, कर्नल आला की तिचं तोंड वाकडं. गल्लीत याची चवीने चर्चा सुरू झाली. रणगाडा लष्करातला आहे, खरा कर्नल कोण आणि खोटा कोण हे त्याला बरोबर कळतं, असं भाजीवालीचं मत पडलं. कर्नलला ते लागलं. तो पेट्रोलची नळी घेऊन आला, बॅटरी घेऊन आला, एकदा मित्राला घेऊन आला. मेजर दर वेळी नवा आजार सांगत. दर वेळी ते त्या आजाराबद्दल इतक्या मायेने बोलत, की कर्नललाच गाडीची काळजी वाटू लागे.

थोरलीने मध्येच एकदा सुचवून पाहिलं, की बाबांना टॅक्सीने पाठवते, गाडीचं मागाहून बघू. धाकटीने फोनवर साखर पेरली. “अगं ताई, माझं काही नाही गं. पण गाडीशिवाय बाबांना करमेल का इथे? आणि ह्यांनी बाथरूमही फोडून ठेवलंय. गाडी होऊ दे ना नीट, मग हक्काने पाठव.” थोरलीने बरं म्हणून फोन ठेवला. हॉस्पिटलात दिवसभर माणसं जोडून देणाऱ्या बाईला समोरून लाइन तोडल्याचं लगेच कळतं.

तिची झोप पुन्हा चिंध्या चिंध्या झाली. ती उभ्याउभ्या डुलक्या घ्यायला शिकली. दूध उतू जाईपर्यंत, जिन्यावर बादली टेकवून, बसच्या दांड्याला लटकून. बोर्डावर तिने एका डॉक्टरांना त्यांच्याच खोलीत जोडून दिलं आणि ते बराच वेळ फोन उचलायची वाट बघत राहिले. वरच्या बाईंनी पुन्हा बोलावलं. या खेपेला खरंच चहा नव्हता. पुढच्या महिन्यापर्यंत बघते, एवढंच त्या म्हणाल्या.

मग एका सकाळी धुण्याचे कपडे भिजवताना मेजरांच्या स्वेटरच्या खिशात तिच्या हाताला काहीतरी टणक लागलं. अंगठ्याएवढं, तपकिरी, वर पितळेची पट्टी. तिला आधी वाटलं, दातांच्या कवळीचं काही असेल. मग कानाच्या यंत्राचं वाटलं, पण बाबांना ऐकू तर नको इतकं येत होतं. तिने ते पर्समध्ये टाकलं आणि कामावर जाताना गॅरेजवाल्याला दाखवलं. तो गाडीखालून अर्धा बाहेर आला, म्हणाला, हा रोटर. हा नसेल तर ठिणगी प्लगपर्यंत पोचत नाही, गाडी घसा बसेस्तोवर ओरडेल पण चालू होणार नाही. एवढं बोलून तो पुन्हा आत गेला. एवढंच, पण थोरलीची झोप उडायला पुरे होतं.

त्या दिवशी बोर्डावर ती टक्क जागी होती. तो शेवटचा दिवस, मग कर्नलची प्रत्येक फुकट खेप तिच्या डोळ्यांपुढून गेली. तिला राग यायला हवा होता. पण रागावायलासुद्धा अंगात थोडी झोप शिल्लक लागते. तिला नुसतं बसून राहावंसं वाटत होतं.

दुपारी ती घरी आली तेव्हा मेजर रोजच्यासारखे गाडीत बसले होते. ती आत घरात गेली नाही. पट्टा धरला, पाय वर टाकला, एकदा घसरली, दुसऱ्यांदा चढली. गाडी घरात आल्यापासून ती पहिल्यांदाच तिच्यात बसत होती.

“अगं हळू, पडशील.”

“पडले तर बरं. निदान आडवी तरी होईन.”

तिने पर्स उघडून रोटर समोर ठेवला. मेजरांनी त्याच्याकडे पाहिलं, उचलला, अंगठ्याने पितळेची पट्टी पुसली.

“खिशात राहिला वाटतं,” ते म्हणाले.

“किती वेळा राहिला, बाबा?”

मग त्यांनी तिला लष्करातली शिस्त सांगायला घेतली. परक्या ठिकाणी गाडी उभी केली की रोटर काढून खिशात घालायचा. किल्ली काय, कुणीही बनवतो. रोटर खिशात असला की गाडी कुणाच्या बापाला नेता येत नाही.

“हे अंगण परकं आहे का?”

“अंगण नाही.”

“मग?”

मेजर काचेतून बाहेर बघत राहिले. गल्लीतून कुणी गेलं तर सूचना देता येईल, अशी बहुधा त्यांना आशा होती. कुणी गेलं नाही.

थोरलीने विचारलं, की तिकडे काय कमी आहे. खोली आहे, टीव्ही आहे, धाकटी दिवसातून चारदा विचारते. मेजरांनी मान्य केलं, की कमी काहीच नाही. कर्नल गाडी घेऊन मित्रांबरोबर नदीपात्रात जातो, यांना मागच्या बाकड्यावर बसवतो, पण नेतो. हात मात्र लावू देत नाही. म्हणतो, बाबा, तुम्ही आराम करा. धाकटी म्हणते, आपण आता गोळी घेऊ या हं. आपण आता झोपू या हं.

“चांगलंच बोलते की ती. मी तर तुमच्यावर नुसती खेकसते.”

“खेकसतेस,” मेजर म्हणाले. “पण माझ्यावर खेकसतेस. ती कुणाशी बोलत असते ते मला कळत नाही.”

थोरलीने डोकं मागे टेकलं. सीट लष्करी होती. मागे फक्त लोखंडी नळी होती.

“बाबा, गाडीसाठी तुम्हाला तिकडे पाठवत नव्हतो. गाडीला तुमची गरज नाही. मला झोपायचंय.”

“म्हणजे?”

“रात्री तुम्ही हाका मारता.”

“एखाद्या वेळी मारत असेन.”

“रोज. चार-पाच वेळा. मी कामावर चुकतेय. मला काढून टाकतील आता.”

मेजरांचे हात स्टिअरिंगवरून खाली आले. त्यांनी बराच वेळ तो रोटर या हातातून त्या हातात केला.

“मला वाटायचं तू जागीच असतेस,” ते म्हणाले. “हाक मारली की लगेच ओ देतेस.”

थोरलीने डोळे मिटले होते. ती रडत नव्हती. ती तिथल्या तिथे, लोखंडी नळीवर डोकं ठेवून, झोपी गेली होती. मेजर तिच्याकडे बघत राहिले. उतरल्यावर गाडीचं दार लावायचं तर आपटावं लागणार होतं, म्हणून ते उतरलेही नाहीत. संध्याकाळी चष्मेवाला दुकान बंद करून शोधत आला, तेव्हा त्याला दिसलं की बायको गाडीत झोपलीय आणि सासरे शेजारी ताठ बसून पहारा देतायत. त्यांनी ओठांवर बोट ठेवून जावयाला गप्प केलं. जावयाला उद्देशून त्यांनी केलेला तो पहिला हुकूम असावा.

ती जागी झाल्यावर मेजर उतरले. बोनेट उघडलं, झाकणाच्या क्लिपा काढल्या, रोटर जागेवर बसवला, क्लिपा लावल्या. गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली.

“त्याला ये म्हणावं,” ते म्हणाले, आणि हात टॉवेलला पुसले. थोरलीने खेकसायचं सोडून तो टॉवेल बादलीत टाकला.

कर्नल आला. गाडी चालू झाल्यावर त्याचा चेहरा इतका उजळला, की आपण किल्ली कशी फिरवली आणि कशी नाही, याचं त्याने गल्लीला प्रात्यक्षिक दाखवलं. पुढच्या सीटवर त्याच्या कॅमेऱ्याची बॅग होती. ती नाजूक, तिला धक्के चालत नव्हते. म्हणून गाडीचे कागदोपत्री मालक मागच्या बाकड्यावर आडवे बसून निघाले. कोपऱ्यावर वळेपर्यंत ते मागे सरकणारी गल्ली बघत होते.

त्या महिन्यात पहिले काही दिवस थोरलीला झोप आलीच नाही. हाक येईल म्हणून ती ठरलेल्या वेळांना जागी व्हायची आणि अंधारात ओ द्यायला तोंड उघडून पडून राहायची. मग हळूहळू ती सवय सुटली. महिना सरता सरता ती दगडासारखी झोपू लागली. बोर्डावर एकही लाइन चुकली नाही. वरच्या बाईंनी जाता जाता टेबलावर चहा ठेवला आणि पुढे गेल्या. थोरलीने दोरी पुन्हा अंगणात बांधली होती. महिना संपायच्या आदल्या दिवशी तिने ती सोडली, बादली जिन्याच्या पायरीशी नेऊन ठेवली, आणि बाबांच्या गादीवर धुतलेली चादर घातली.

दुसऱ्या दिवशी रणगाडा गुरगुरत अंगणात शिरला. कर्नल खाली उतरला. त्याने दार आपटलं, समोरचं उघडलं. पुढच्या सीटवर कुणी नव्हतं, मागच्या बाकड्यांवरही नव्हतं.

थोरलीने विचारलं, बाबा कुठे. कर्नलने खिसे चाचपले. त्याने झालं ते सांगितलं, आणि सांगताना त्याचा चेहरा अगदी गिऱ्हाइकाने नळ परत आणावा तसा झाला होता. सकाळी मेजर तयार होऊन खाली आले, गाडी चालू करून दिली, टायर पाहिले, आणि म्हणाले, तू जा, मी इथेच राहतो. कर्नलने ठरलेल्या अटीची आठवण दिली. दोघं एकत्र जायचं ठरलंय म्हणाला. बायकोही साखर घोळत होतीच. मेजरांनी विचारलं, गाडी कुणाच्या नावावर आहे? मग म्हणाले, गाडी ज्याच्या नावावर आहे तो सांगतोय: गाडी महिन्या-महिन्याला फिरेल. मी फिरणार नाही.

“मालकाचा हुकूम म्हणे,” कर्नल चष्मेवाल्याला म्हणाला. “आजवर कधी मालक झाले नव्हते. आजच कसे झाले?”

चष्मेवाल्याने आधी एका डोळ्याने रिकामी गाडी पाहिली, मग दुसऱ्या डोळ्याने बायकोकडे पाहिलं, आणि आपल्याला यात आनंद व्हायला हवा की नको, हे त्याला ठरवता येईना. त्याने फडकं काढून आरसा पुसायला घेतला.

थोरलीने धाकटीला फोन लावला. धाकटीने उचलला खरा, पण बोलत दुसरीकडेच होती, आणि आवाज फाटलेला होता. “बाबा, फरशी ओली आहे म्हटलं ना! कितीदा सांगायचं? तिथेच थांबा, अजिबात हलू नका. हं, बोल गं ताई.” त्या आवाजात साखरेचा दाणा उरला नव्हता. थोरलीने तो आवाज ओळखला. तो तिचाच होता, उसना दिलेला. तिने विचारलं, रात्री हाका मारतात का.

“मारतात?” धाकटी म्हणाली. “पहारा देतात. आणि मी ओ दिली नाही तर दारात येऊन उभे राहतात.”

पाठवून दे, एवढंच म्हणायचं होतं. बादली पायरीशी होती, चादर घातलेली होती. थोरलीच्या तोंडात ते शब्द आलेही. पण उद्या सकाळची पाळी होती, आणि परवाही होती. ती म्हणाली, बाबांना दे जरा.

फोनवर थोडा वेळ चपला घासत चालण्याचा आवाज आला.

“झोपतेस ना?” मेजरांनी विचारलं.

“झोपते.”

“बरं. ठेव मग. ही ओरडतेय, जातो.”

त्याला आता बराच काळ लोटलाय, आणि हिशेब मिटलाय म्हणायला हरकत नाही. डेपोचं काही गेलं नाही. त्यांच्या आवारातली एक जागा मोकळी झाली. कर्नलला हवी होती निम्मी गाडी आणि निम्मेही सासरे नको होते. त्याला गाडी निम्मीच मिळाली आणि सासरे पूर्ण. आता तो दुकानात नळ दाखवताना जांभया देतो. चष्मेवाल्याकडे महिन्याआड महिना रणगाडा उभा असतो, पण थंडीत तो चालू कसा करायचा हे सांगणारं कुणी शेजारी बसलेलं नसतं, म्हणून तो तसाच उभा राहतो. धाकटीची साखर संपली. दवाखान्यात दाढ उपटायला येणाऱ्यांना आता ती सरळ बसा म्हणते. थोरलीला तिची झोप मिळाली, ठरली होती त्याच्या दुप्पट. त्या सगळ्या झोपेची किंमत मेजरांच्या खात्यातून गेली: अंगण, सकाळचा चहा, स्टिअरिंगपुढची जागा, आणि आली माझी साहेबीण म्हणायचा हक्क. बाकीच्यांनी आपापलं भरलं ते नाइलाजाने. मेजरांनी तेवढं आपण होऊन, मालकाच्या सहीने भरलं, आणि थोरलीने ते घेतलं.